पाद्रीसाहेब, मडमसाहेब आणि दिवसाचे उरलेले तास

भिवंडी सोडून नाशिकच्या दिशेने निघालं की गोदामांच्या रांगा आणि यंत्रमागांचा खडखडाट मागे पडतो. पडघा, शहापूर आणि मग कसाऱ्याचा घाट. आज हा काही तासांचा प्रवास आहे. मार्च १८२६ मध्ये गॉर्डन हॉल नावाचा अमेरिकन मिशनरी मुंबईहून याच दिशेने निघाला. तेरा वर्षं मुंबईत राहून तो मराठी बोलत होता, लिहीत होता, बायबलच्या भाषांतराला हातभार लावत होता. नाशिकला पोचला तेव्हा तिथे पटकीची साथ सुरू होती. जवळची औषधं त्याने रुग्णांना वाटली आणि परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठलं. २० मार्चला वाटेतल्या एका खेड्यात, देवळाच्या आसऱ्याला त्याने प्राण सोडला. वय ४१. बायको मार्गारेट आदल्याच वर्षी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. त्यातला एक मुलगा बोटीवरच गेला.

त्या काळात परमुलखात धर्मकार्याला आलेल्या जोडप्याने बरोबरीने म्हातारं होणं हीच मुळात नवलाची गोष्ट होती. हॉलच्या सोबत्यांपैकी सॅम्युअल न्यूवेलची बायको हॅरिएट मुंबईपर्यंत पोचलीच नाही. १८१२ साली मॉरिशस बेटावर, नवजात मुलगी गमावल्यावर, ती वारली. तेव्हा ती जेमतेम १९ वर्षांची होती. न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनेच गेला.

आज काही ख्रिस्ती पंथांमध्ये निवृत्त नवरा-बायको सहा महिने, वर्ष, दीड वर्ष सेवेसाठी परदेशी जातात. नातवंडांशी रोज व्हिडिओवर बोलतात आणि मुदत संपली की घरी परततात. एकोणिसाव्या शतकात मुदत नावाची गोष्ट नव्हती. बोट सुटली की बहुधा जन्माची सुटली. तरीही काही जोडपी टिकली. तीस, चाळीस, पन्नास वर्षं इथे राहिली. त्यांचा रोजचा दिवस कसा जात असेल, हे कुतूहल घेऊन जुन्या नोंदींकडे वळलं की महाराष्ट्रात एक गाव पुन्हा पुन्हा समोर येतं. ते म्हणजे अहमदनगर, आजचं अहिल्यानगर.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ मध्ये पडलं. हेन्री आणि एलिझाबेथ बॅलंटाईन १८३५ मध्ये आले. त्यांची इथेच जन्मलेली मुलगी मेरी सॅम्युअल फेअरबँक यांना दिली. फेअरबँक १८४६ मध्ये भारतात आले होते आणि पहिली पत्नी वारल्यानंतर १८५६ साली हे लग्न झालं. या दोघांची मुलगी केटी पुढे रॉबर्ट ह्यूम यांची दुसरी पत्नी झाली. ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, तोही मुंबईत भायखळ्याला. १८७४ पासून १९२६ पर्यंत त्यांचं काम नगरला चाललं. म्हणजे आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांतल्या तीन बायकांचे संसार याच मुलखात झाले. नातीला ‘परदेश’ कुठला असं कुणी विचारलं असतं, तर तिला क्षणभर विचार करावा लागला असता.

दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा, कारण दख्खनचं ऊन माथ्यावर यायच्या आधी बाहेरची कामं उरकायची असत. नव्याने आलेल्याच्या सकाळी मराठी शिकण्यात जायच्या. पंडित समोर बसायचे आणि साहेब व मडमसाहेब दोघंही धडा घ्यायचे. ‘चाका’तला च आणि ‘चिंचे’तला च एकाच अक्षरात राहतात, हे कानाला पटेपर्यंत महिने जात. ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्यासाठी जिभेला नव्याने वळण लावावं लागे. बाईला ही भाषा कधीकधी नवऱ्याहून लवकर लागायची, कारण तिचा दिवस घरातल्या माणसांशी, शाळेतल्या मुलींशी आणि दाराशी आलेल्या बायकांशी बोलण्यात जाई. दिवसभर मराठीच कानावर आणि मराठीच तोंडी.

मग शाळा. मग व्हरांड्यात औषधाची पेटी उघडायची. तापाला क्विनाइन, पोटाला एरंडेल, गळवांना मलम. औषधाला आलेल्या बायका मडमसाहेबांशी बोलत. त्यांच्या घरात पाद्रीसाहेबांना पाऊल टाकता येत नसे, पण बाईला येई. दुपारी लिहिणं, मुद्रितं तपासणं. १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झालं, बॅलंटाईन त्याचे पहिले संपादक. मराठीतल्या जुन्या नियतकालिकांपैकी आजही चालू असलेलं असं दुसरं सापडणं अवघड. संध्याकाळी प्रार्थना, गाणी. बॅलंटाईन यांनी रचलेली मराठी गीतं चर्चच्या गायनात रुळली.

पावसाळा ओसरून थंडी पडली की दौरा निघे. बैलगाडीत तंबू, भांडीकुंडी, पुस्तकं आणि पेटी लादून जोडपं गावोगाव हिंडे. एका आमराईत काही दिवस, मग पुढचं गाव. मे महिन्यात जीव वाचवायला महाबळेश्वर. तिथे अमेरिकन मिशनच्या लोकांनी विश्रांती घेतली आणि काहींना मातीही तिथेच मिळाली.

सगळ्यात जड ओझं पत्रांचं असावं. शिडाच्या जहाजाने बोस्टनहून मुंबईला यायला चार-पाच महिने लागत. आईच्या आजारपणाची बातमी हाती पडेपर्यंत आई बरी तरी झालेली असे किंवा गेलेली तरी. त्याच किनाऱ्यावरून १८३४ पासून मुंबईला गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून येत होता. चार-पाच महिन्यांच्या उन्हातून बर्फ टिकून येई, पण एका प्रश्नाचं उत्तर मिळायला जवळजवळ वर्ष जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि हे अंतर आठवड्यांवर आलं. तरी मुलं दहा-बारा वर्षांची झाली की शिक्षणासाठी त्यांना अमेरिकेला पाठवायची रीत राहिलीच. कित्येक घरांत आई-बापांनी आपल्या मुलांचं तरुणपण पत्रांतूनच पाहिलं.

एवढ्या भरलेल्या दिवसातही काही तास उरत, आणि मला थक्क करतात ते हे उरलेले तास.

एबेनेझर बर्जेस नगरला मिशनरी होते. शाळेसाठी मराठीत खगोलशास्त्राचं पुस्तक लिहायला बसले, तर इथल्या ज्योतिषांचं गणित समजून घेणं भाग पडलं. ते ‘सूर्यसिद्धांता’त शिरले आणि बाहेर आले ते पूर्ण भाषांतर घेऊनच. १८६० मध्ये ते अमेरिकेत छापून निघालं. भारतीय खगोलशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना आजही ते लागतं. मुळात हवं होतं शाळेचं एक क्रमिक पुस्तक!

फेअरबँक नेवासे भागात वडाळ्याला राहिले. त्यांना पाखरांचं, शंखशिंपल्यांचं, झाडापानांचं वेड. तेव्हा दुर्बीण आणि कॅमेरा हाताशी नव्हते, पक्षी ओळखायचा तर त्याचा नमुना करावा लागे. ते काम कसं चाले ते पाहा. पक्षी मारल्यावर काही तासांतच पोटावर बारीक छेद द्यायचा. पिसांना रक्त लागू न देता कातडी मोज्यासारखी उलटी करून सोडवायची. आतून सोमलयुक्त साबण चोळायचा, म्हणजे कीड लागत नाही. कापूस भरायचा, टाके घालायचे, पंख नीट बसवायचे. शेवटी पायाला चिठ्ठी बांधायची, तिच्यावर गाव, तारीख आणि नर की मादी. चिठ्ठी नसेल तर सगळी मेहनत फुकट. उन्हाळ्यात पळणीच्या डोंगरात, कोडाईकनाल परिसरात, जमवलेल्या त्यांच्या नमुन्यांत शास्त्राला ठाऊक नसलेला एक पक्षी निघाला. निसर्गशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं ‘फेअरबँकी’. दक्षिणेतल्या शोला रानांत गाणारा तो लाफिंगथ्रश आजही नगरच्या पाद्रीसाहेबांचं नाव मिरवतो. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव भागातल्या पक्ष्यांची फेअरबँक यांची यादी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये आली. त्या नियतकालिकाचे संपादक होते ॲलन ह्यूम, नऊ वर्षांनी काँग्रेसची स्थापना करणाऱ्यांतले.

जस्टिन ॲबट यांची गोष्ट तर निवृत्तीनंतरची आहे. १८८१ पासून जवळजवळ तीस वर्षं मुंबईत काम करून ते अमेरिकेला परतले. म्हातारपणी न्यू जर्सीत बसून त्यांनी मराठी संतांना इंग्रजीत नेलं. भानुदास, एकनाथ, दासोपंत, आणि १९२९ मध्ये संत बहिणाबाई. हिंदू संतांची ही पुस्तकं ख्रिस्ती पाद्र्याने, कुणाला ख्रिस्ती करण्यासाठी नव्हे, तर त्या संतांवरच्या प्रेमाने केली.

आणखी एक उदाहरण भिवंडीकरांना जवळचं वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरच्या मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे अभियंते होते. दुष्काळाने विणकरांची दैना झालेली पाहून त्यांनी जलद चालणारा सुधारित हातमाग तयार केला. ‘चर्चिल माग’ म्हणून त्याचा बराच बोलबाला झाला. गिरणीच्या कापडापुढे हाताने विणणारा टिकावा, एवढ्यासाठी एका मिशनऱ्याने धोटा आणि फणीचा अभ्यास केला.

या कामांमागचा अर्धा हात नोंदींत कमी दिसतो. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाच्या यादीत नवऱ्याचं नाव मिशनरी म्हणून आणि बायकोचं सहायक म्हणून असे. पण पाहुणे, शाळा, आजारी माणसं, अनाथ मुलं, नवऱ्याच्या दौऱ्याची बांधाबांध हे सगळं ती सांभाळत असे. १८२७ साली अविवाहित आलेल्या सिंथिया फॅरार नगरला १८६२ मध्ये निवर्तल्या. १८४८ मध्ये जोतीराव फुले नगरला गेले तेव्हा त्यांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. परत येऊन त्यांनी पुण्यात काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पाहुण्याला शाळा दाखवणं हे बाईंच्या दिवसातलं एक साधं काम होतं. त्या एका फेरफटक्याचं मोल कुठल्या अहवालात मावणार?

या माणसांचा मूळ हेतू धर्मप्रसार होता, ते लपवण्याचं कारण नाही. त्या हेतूने इथली घरं दुखावली, हेही खरं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय ओढवलं, ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे. त्याच पुस्तकात नगर-राहुरीकडचे मिशनरी साहेब आणि मडमा हाडामांसाच्या शेजाऱ्यांसारख्या भेटतात. मिशनऱ्यांचा दिवस पलीकडच्या बाजूने पाहायचा असेल तर याहून चांगली खिडकी मराठीत नाही.

इतकी वर्षं इथे राहिल्यावर माणूस आतून हलतोच. रजेवर अमेरिकेत असताना रॉबर्ट ह्यूम यांनी १८८६ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचं नाव कधीच पडलं नाही, त्यांनाही देवाच्या दयेची आशा ठेवायला जागा आहे. बोर्डाने त्यांची परतीची परवानगी रोखून धरली. ह्यूम मागे हटले नाहीत. १८८७ मध्ये परवानगी मिळाली, त्याच वर्षी केटीशी लग्न झालं आणि दोघं नगरला आले. नगरकर शेजाऱ्यांबरोबर ज्याने सुखदुःखं पाहिली, त्याला ती माणसं कायमची नरकात जाणार हे मान्य होईना. १८९९-१९०० च्या ‘छप्पन्नच्या’ दुष्काळात ह्यूम यांनी केलेल्या कामासाठी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. पण मला त्या पदकाहून तो वाद मोठा वाटतो, कारण त्यात नोकरीच पणाला लागली होती.

हेन्री बॅलंटाईन तीस वर्षांनी घरी निघाले आणि १८६५ मध्ये समुद्रावरच वारले. ह्यूम यांचे वडीलही १८५४ मध्ये असेच परतीच्या बोटीवर गेले. तरीही या घरांतून पुढची पिढी येत राहिली. फेअरबँकांच्या घराण्यातल्या रोझ डॉक्टर झाल्या आणि पती लेस्टर बील्स यांच्यासह त्यांनी वाईला दवाखाना चालवला.

यांनी दिलेली प्रवचनं आज कुणाच्या स्मरणात नाहीत. टिकली ती शाळा, पाखरांची यादी, सूर्यसिद्धांताचं भाषांतर, बहिणाबाईंचं इंग्रजी पुस्तक आणि एका मताचा आग्रह. यातलं बहुतेक काही करायला ते बोटीत बसले नव्हते. रोज त्याच माणसांत उठल्याबसल्याने, त्यांची भाषा बोलल्याने आणि आजूबाजूला नीट पाहिल्याने ते घडत गेलं. लांबच्या मुलखात आयुष्य घालवायला निघालेल्या कोणत्याही जोडप्याने, मग ते भिवंडीहून आखातात जाणारं असो की अमेरिकेहून नगरला येणारं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण ज्या कामासाठी जातो त्याहून मोठं काम तिथल्या माणसांकडे आपली वाट पाहत असू शकतं, आणि ते दिसायला तिथे पुरेसं राहावं लागतं.