वेगाची शिकवणी

एक माजी विद्यार्थी (बी. ए., इतिहास, १९८६)

२०२३ च्या दिवाळीत माझ्या पुतण्याचा साताऱ्याहून फोन आला. तो नुकताच आपल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला दाखल झाला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने हळूच विचारले, "काका, दादा तिकडे मोटारींच्या शर्यतीत भाग घेतो म्हणे?"

"शर्यत नव्हे रे. ट्रॅकवर गाडी चालवायला जातो. मीही जातो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही, मग पैसे भरून जाता कशाला?"

प्रश्न रास्त होता आणि फोनवर मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. यंदा वार्षिक अंकासाठी संपादकांनी "तिकडच्या जीवनावर काही लिहा" असे कळवले, तेव्हा वाटले, तेच राहिलेले उत्तर लिहून पाठवावे.

प्रथम माझी पात्रता सांगतो. मी इतिहासाचा पदवीधर. पोटापाण्यासाठी न्यू जर्सीत हिशेबनिशी केली. मोटारीचे बॉनेट उघडले की मला आत एक काळोखी भानगड दिसत असे. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना हमरस्त्यावर बेफाम वेगाने जाताना पोलिसांनी त्याला पकडले. दंड झाला, आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मला मात्र झोप लागेना, त्याचे कारण वेगळे होते.

आमच्या वर्गात एक मित्र होता. नाव लिहीत नाही. त्या काळचे प्राध्यापक आणि विद्यार्थी ओळखतील. १९८५ च्या हिवाळ्यात पुण्याहून मोटरसायकलवर परतताना खंबाटकी घाट उतरत असता एका वळणावर तो गेला. समोरून गाडी आलेली नव्हती, रस्ता कोरडा होता, तो प्यायलेलाही नव्हता. "वेग नडला" असे सगळे म्हणाले आणि प्रकरण तिथे संपले. पण त्याच वळणावरून त्याच वेगाने तो पन्नास वेळा तरी उतरला असेल. मग त्याच दिवशी काय झाले, हे कोड मला सुटले नव्हते. ते सुटायला मी साठीला टेकावे लागले.

मुलाच्या एका सहकाऱ्याने सुचवले की पोराला क्लबाच्या ट्रॅक डेला पाठवा. अमेरिकेत मोटारमालकांचे क्लब पुष्कळ आहेत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका १९४४ चा, पोर्श गाड्यांच्या मालकांचा क्लब १९५५ चा, बीएमडब्ल्यूवाल्यांचा १९६९ चा. असे क्लब एखादा शर्यतीचा ट्रॅक दोन दिवस भाड्याने घेतात आणि सभासदांना आपापल्या रोजच्या गाड्या तिथे चालवू देतात. यात शर्यत नसते. नवशिक्याला घड्याळ लावून फेरी मोजायलासुद्धा बहुतेक क्लबांत मनाई असते. त्याच्या शेजारच्या आसनावर क्लबाचा शिक्षक बसतो, तोही बिनपगारी. अनोळखी माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊन स्वतः नुसते बसून राहायचे, हे धाडस मला आजही गाडी चालवण्यापेक्षा मोठे वाटते.

आम्ही गेलो तो ट्रॅक न्यूयॉर्क राज्यातल्या वॅटकिन्स ग्लेनचा. सेनेका सरोवराच्या टोकाला वसलेले हे एक लहानसे गाव. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी आधी तिथला इतिहास वाचून काढला आणि बरे झाले. १९४८ साली कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने इथे मोटारींची शर्यत झाली, ती चक्क गावातल्या रस्त्यांवरून. साडेसहा मैलांची फेरी, काही भाग कच्चा, वाटेत रेल्वेचे फाटक. शर्यतीपुरत्या गाड्या थांबवण्यात आल्या होत्या. लोक पदपथावर उभे राहून पाहत. १९५२ साली एक मोटार गर्दीला घासून गेली, त्यात सात वर्षांचा एक मुलगा ठार झाला आणि आणखी काही जण जखमी झाले. त्यानंतर शर्यत गावाबाहेर गेली आणि १९५६ साली डोंगरावर स्वतंत्र ट्रॅक बांधला गेला. १९६१ ते १९८० अमेरिकेची ग्रँड प्रिक्स तिथे भरत असे. तिथेही माणसे गेली. फ्रान्स्वा सेव्हेर १९७३ साली, हेल्मुट कॉइनिग त्याच्या पुढच्याच वर्षी. मागच्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी 'बस स्टॉप' नावाचे जे वेडेवाकडे वळण आहे, तेही १९९१ च्या एका मृत्यूनंतर वेग मोडण्यासाठी १९९२ साली घातले गेले. ट्रॅकच्या दोन्ही अंगांना फिकट निळे लोखंडी कठडे आहेत, आणि ते फार दूर नाहीत.

हे सांगण्याचे कारण, ट्रॅक म्हणजे सुरक्षित जागा असा गैरसमज होऊ नये. तिथे समोरून कोणी येत नाही, बैलगाडी नाही, शाळेची मुले नाहीत, रुग्णवाहिका उभी असते, एवढेच. बाकी धोका आपला आपण न्यायचा. सकाळी दाराशीच आपण एका कागदावर सही करतो, त्याचा मथितार्थ हाच. गाडीचा नेहमीचा विमा तिथे बहुधा चालत नाही. त्या दिवसापुरता वेगळा घ्यावा लागतो. फीचे काही शे डॉलर, टायरांची झीज, पेट्रोल, असा हा शौक स्वस्त मुळीच नाही, हेही इथेच कबूल करतो.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. गाडी तपासून घेऊन दाखला आणावा लागतो: टायर, ब्रेकचे पॅड, बॅटरी पक्की आवळलेली आहे की नाही, चाकांचे नट. सगळ्यांत कटाक्षाने पाहतात ते ब्रेक ऑइल. आपल्याकडे गाडी विकेपर्यंत ते कोणी बदलत नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. साधारण डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. ट्रॅकवर दर मिनिटाला जोराचे ब्रेक लागतात, चकत्या तापून लाल होतात, तेल उकळले की नळीत वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि गाडी थांबत नाही. घाटात भरलेल्या ट्रकाचे ब्रेक तापून निकामी होतात असे आपण ऐकतो, त्यातलीच ही एक तऱ्हा. म्हणून क्लब ताजे तेल मागतात.

ट्रॅकवर पोहोचल्यावर गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायची. पाण्याची बाटली, पायाखालची चटई, खणातली नाणी, डिकीतली स्टेपनीसुद्धा पक्की नसेल तर. बायकोने ठेवलेला गणपती डॅशबोर्डावर चिकटवलेला होता, तो तपासनिसाने बोटाने हलवून पाहिला आणि राहू दिला. शिरस्त्राण, लांब बाह्यांचा सुती सदरा, बंद बूट. मग सर्वांची बैठक. तिला जो गैरहजर, त्याला त्या दिवशी ट्रॅक बंद. तिथे निशाणे समजावून सांगतात. पिवळे म्हणजे पुढे धोका, कोणी कोणाच्या पुढे जायचे नाही. लाल म्हणजे सावकाश थांबा. काळे म्हणजे मुकाट्याने आत या. निळ्यावर पिवळा पट्टा म्हणजे मागे तुमच्याहून वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या.

ही वाट देण्याची रीत मला फार आवडली. नवशिक्यांच्या गटात मागचा कधीही आपल्या मर्जीने पुढे जाऊ शकत नाही. पुढच्याने खिडकीतून हात बाहेर काढून, बोटाने बाजू दाखवून परवानगी द्यायची, तीही नेमून दिलेल्या सरळ पट्ट्यावरच. हात दिला नाही तर मागच्याने मागे राहायचे, त्याची गाडी दुपटीने महाग असली तरी. आपल्या हमरस्त्यावर मागून दिवे चमकवणाऱ्यांना इथे एक दिवस आणून सोडावे, असे मनात आले.

गट चार असतात. आळीपाळीने प्रत्येक गटाची वीस-पंचवीस मिनिटांची पाळी, आणि मधल्या वेळात नवशिक्यांना वर्ग. दिवसभरात प्रत्यक्ष चाक हाती येते ते जेमतेम दीड तास. त्या वर्गातच माझे कोडे सुटले.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढले आणि म्हणाल्या, टायरजवळ पकडीचा एवढाच साठा आहे. तो थांबण्यासाठी खर्च करा, नाहीतर वळण्यासाठी. दोन्हींसाठी पुरा पडेल अशी अपेक्षा करू नका. सगळी पकड वळण्यात लागलेली असताना भिऊन ब्रेक दाबलात, तर टायर दोन्ही कामे सोडून देतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर कमी करायला गेलात तर उशीर झाला. मग त्यांनी वेगाचे गणित मांडले. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. ताशी १०० किलोमीटरवरून चांगल्या टायरांची गाडी सुमारे ४० मीटरांत थांबत असेल, तर २०० वरून तिला १६० मीटर हवेत. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अंतर वेगळेच.

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. घाटातल्या त्या वळणावरचा काळा ओरखडा मला स्वच्छ आठवला. तो वळणाच्या आधी नव्हता. मधोमध सुरू होऊन सरळ बाहेरच्या कठड्याकडे गेला होता. त्या दिवशी त्याला रस्त्यावर काहीतरी दिसले असावे, कदाचित खडी, कदाचित कुत्रे, आणि ऐन वळणात त्याने ब्रेक दाबला. मोटरसायकलला चाके दोनच, तिथे क्षमा आणखी कमी. मी हे खात्रीने सांगू शकत नाही, पण मला आता दुसरे काही पटत नाही.

ट्रॅकवरची माझी स्वतःची फजिती त्याच दिवशी दुपारी झाली. त्याच बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. वळणाच्या सुरुवातीला, आतल्या कडेला आणि बाहेर पडताना कुठे असायचे, यासाठी नारिंगी शंकू ठेवलेले असतात. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर, असा त्या वळणाचा कमानदार मार्ग. बाई सारख्या म्हणत, "डोळे पुढच्या शंकूवर! गाडी तुमच्या डोळ्यांमागे जाते." मी मात्र निळ्या कठड्याकडे पाहिले. पाहिले आणि वळणातच ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. वजन पुढच्या चाकांवर गेले, मागची हलकी झाली, आणि गाडीचा मागचा भाग पुढे येऊ लागला. "दोन्ही पाय दाबा!" क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून आम्ही स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घालून गवतात उलट तोंडाने थांबलो. गणपती जागेवर होता.

पुढच्या फेरीला काळे निशाण दिसले. आत गेल्यावर एक गृहस्थ खिडकीशी आले. रागावले नाहीत. इतकेच विचारले, "काय झाले?" मी म्हणालो, "घसरली." ते म्हणाले, "गाडी घसरली ते मी पाहिले. तुम्ही काय केलेत?" पाय उचलला, हे माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, "जा, आणखी एकदा झाले तर आज घरी." आमच्या मुलाला वर्षभर मी जी व्याख्याने दिली, त्यांपैकी एकात तरी हा प्रश्न मी विचारला होता का, याचा मी बराच वेळ विचार करीत बसलो.

मुलाचे काय झाले? तो काही एका दिवसात साधू झाला नाही. पण पहिल्या दिवशी सर्वांत कमी वेगाच्या गाडीतून आलेला एक म्हातारा त्याला प्रत्येक वळणाआड मागे टाकत होता, हे त्याने पाहिले. सरळ रस्त्यावर तर कोणीही पाय दाबू शकतो, असे तो त्या रात्री जेवताना म्हणाला. पाळी संपवून आत आल्यावर हँडब्रेक लावायचा नसतो, तापलेल्या चकत्यांना पॅड चिकटतात, म्हणून चाकाखाली दगड ठेवतात. तो दगड शोधून ठेवणे हे काम त्याने आपणहून अंगावर घेतले. त्यानंतर त्याला पोलिसांची चिठ्ठी आलेली नाही. मी बोलतो आहे ते गेल्या चार वर्षांचे.

पुतण्याला वाटते तसे हे केवळ अमेरिकेतच आहे असेही नाही. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती होत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० साली झाला. कोइमतूरला कारी स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ चा. आपल्या गावापासून सगळेच लांब आहेत, हे खरे.

त्याच २०२३ च्या डिसेंबरात मी भारतात आलो. पुण्याहून साताऱ्याला येताना पुतण्या गाडी चालवीत होता. खंबाटकी उतरताना ते वळण आले. तो बोलत बोलत वळणात शिरला आणि मधोमध पोहोचल्यावर ब्रेकवर पाय टेकवला. थोडासाच. काही झाले नाही. माझा उजवा पाय मात्र खालच्या चटईवर घट्ट दाबला गेला होता.

वेळ्याला चहाला थांबलो. मी कपातला चहा बशीत ओतला, बशी सरळ पुढे ढकलली आणि मग वळवता वळवता एकदम थांबवली. चहा काठावरून टेबलावर सांडला.

"काका, हे काय?"

"पुन्हा बघ," मी म्हटले, आणि दुसरा चहा मागवला.