बडोद्याचे सिद्धतापर्व

इ. स. १८९३ च्या फेब्रुवारीत केंब्रिजहून परतलेले विशीतले अरविंद घोष बडोदे सरकारच्या चाकरीत रुजू झाले आणि १९०६ मध्ये ते बंगाल्यात निघून गेले. मधल्या तेरा वर्षांत या शहरी परसत्तेशी झुंजण्याची जी गुप्त सिद्धता चालली होती, तिचे खरे स्वरूप, त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट या दोन चिमुकल्या बोअर प्रजासत्ताकांनी इंग्रजी साम्राज्याविरुद्ध केलेल्या तयारीच्या शेजारी ती ठेवून पाहिल्याखेरीज ध्यानी येत नाही.

बोअरांना राज्य होते आणि खजिनाही होता. १८९५ च्या डिसेंबरअखेर जेमसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने ट्रान्सवालवर घातलेला छापा फसला, तरी अध्यक्ष क्रूगर यांनी त्यावरून पुढील संकट ओळखले, आणि सोन्याच्या खाणींचा वसूल शस्त्रागाराकडे वळवून जर्मनीहून सुमारे ३७,००० मॉझर बंदुका व फ्रान्समधील क्रूसोच्या कारखान्यातून लांब पल्ल्याच्या प्रचंड तोफा आणविल्या. १८९७ मध्ये दोन्ही प्रजासत्ताकांत परस्परसंरक्षणाचा तह झाला. १६ ते ६० वर्षांचा प्रत्येक बोअर नागरिक घोडा व बंदूक घेऊन हजर होण्यास बांधलेला असे, आणि त्याचा नायक त्यानेच मत देऊन निवडलेला असे.

बडोद्याची दौलत याहून कितीतरी जुनी. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या तहनाम्यांनी तिचा परराष्ट्रव्यवहार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता, आणि १८७५ मध्ये महाराज मल्हाररावांना पदच्युत करून इंग्रजांनी गादीचा धनी कोण हे दाखवून दिले होते. त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांनी चांदीच्या व मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा घडवून घेतल्या. त्या तोफांचे स्मरण झाले की मनाला विषाद होतो, कारण ज्या दौलतीला युद्धाचा निर्णय करण्याचा अधिकारच उरला नव्हता, तिचे शौर्य अशा मिरवणुकीच्या अलंकारांत बंदिस्त झाले होते.

म्हणून येथील सिद्धता माणसांत करावी लागली. आरंभीच अरविंदबाबूंनी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये, केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून, काँग्रेसच्या अर्जविनंत्यांवर कठोर टीका केली होती. पुढे दांडिया बाजारातील खासेराव जाधवांच्या वाड्यात त्यांचे वास्तव्य असे. खासेरावांचे बंधू माधवराव हे बडोद्याच्या फौजेत अंमलदार होते. १८९९ च्या सुमारास, म्हणजे आफ्रिकेत रणशिंग फुंकले जात असतानाच, जतींद्रनाथ बॅनर्जी हा बंगाली तरुण, बंगाल्यांना पलटणीत घेत नसत म्हणून उत्तर हिंदुस्थानी असल्याचे भासवून, या मंडळींच्या साह्याने बडोद्याच्या घोडदळात शिरला. हा प्रसंग मला या काळातील सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. ज्याला शस्त्र बाळगण्याची मनाई, त्याने शस्त्रविद्या मिळवावी तरी कोठे? संस्थानी पागेखेरीज दुसरी शाळाच नव्हती. १९०२ मध्ये जतींद्रनाथ ती विद्या घेऊन बंगालमध्ये तरुणांची संघटना उभारण्यास गेला. त्याच वर्षी ३१ मे रोजी बोअरांनी शस्त्रे खाली ठेवली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बोअरांचे स्वातंत्र्यप्रेम गोऱ्यांपुरते होते; ट्रान्सवालने १८८५ मध्येच कायदा करून आपल्या हिंदी बांधवांना हीन ठरविले होते, आणि गांधीजींनी तर या युद्धात नाताळ वसाहतीत सुमारे ११०० हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारून इंग्रजांस साह्य केले. तरीही मूठभर शेतकऱ्यांनी अडीच वर्षांहून अधिक काळ साम्राज्याला खिळवून ठेवले, आणि छावण्यांत कोंडलेल्या त्यांच्या हजारो स्त्रिया व मुले प्राणांस मुकली, याने कोणत्याही पराधीन मनात खळबळ माजावी हे स्वाभाविकच होते.

१९०५ मध्ये अरविंदबाबूंनी ‘भवानी मंदिर’ ही पुस्तिका लिहिली. माणसे घडविण्याच्या याच सिद्धतेतले केशवराव देशपांड्यांचे गंगनाथ विद्यालय पुढे इंग्रजी दडपणाखाली बंद पडले, आणि तेथील आचार्य काका कालेलकर पुढे साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले.