मत एकाला, सरकार कुणाचे?

लोणावळ्याहून नौदलाच्या 'शिवाजी' केंद्राकडे निघाले की वाटेत भुशी लागते. इथले धरण रेल्वेचे. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून जुन्या जीआयपी रेल्वेने ते बांधले. धरण दिल्लीचे, आगगाडी दिल्लीची, नौदलही दिल्लीचेच. इतर गावांना दिल्ली लांब असेल, भुशीला ती दाराशी आहे. म्हणून लोकसभेची निवडणूक आली, की इथे चहाच्या टपरीवर बोलणे रंगते.

२०२४ सालचा मे महिना घ्या. १३ तारखेला मावळ मतदारसंघात मतदान होते. पाऊस अजून लांब होता. धरणाच्या पायऱ्या कोरड्या होत्या. पावसाळ्यात तिथे कणसे भाजून विकणाऱ्या बाया आपापल्या गाड्या नीट करीत होत्या. त्या दिवसांत टपरीवर बोलणे निघे, ते असे.

कारखान्यात कामाला जाणारा एक तरुण म्हणे, "मागल्या खेपेला घड्याळवाले सांगत होते, बारण्यांना पाडा. आता तेच सांगतात, बारण्यांना निवडून आणा. मग आम्ही खरं काय धरायचं?"

कणसेवाली वहिनी म्हणे, "आणि दुसरीकडं तरी काय येगळं हाय? ज्यांच्याशी भांडत होते, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलेत. आबा, तुमीच सांगा, आपलं मत जातं कुठं?"

वहिनीचा प्रश्न साधा नाही. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

आपण मत देतो ते एका माणसाला. मावळचा खासदार एकच. त्याला निवडणारे लोक मात्र घाटाच्या दोन्ही बाजूंना राहतात. वर मावळ, चिंचवड आणि पिंपरी. खाली कर्जत, पनवेल आणि उरण. अशा ५४३ जागा देशात आहेत. ज्याच्या मागे निम्म्याहून जास्त, म्हणजे २७२ खासदार, तो सरकार बनवतो. एका पक्षाला २७२ मिळाले तर प्रश्न मिटला. नाही मिळाले, तर दोन-चार पक्ष एकत्र येतात. त्यालाच युती म्हणतात, आघाडी म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. आपल्याकडे शिवसेना आणि भाजप यांच्या जोडीला 'युती' म्हणत, आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या जोडीला 'आघाडी'. तीच नावे पुढे फुगून 'महायुती' आणि 'महाविकास आघाडी' झाली.

आता त्या तरुणाचे कोडे सोडवू. २०१९ च्या लोकसभेला शिवसेनेचे श्रीरंग बारणे उभे होते. समोर राष्ट्रवादीचे पार्थ पवार होते. बारणे दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभा झाली. शिवसेना आणि भाजप मिळून लढले. निकाल लागला : भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. सभागृह २८८ चे, म्हणजे १४५ हवेत. १०५ आणि ५६ मिळवले तर १६१ होतात. हिशेब सरळ होता. पण मुख्यमंत्री कुणाचा, यावरून दोघांचे बिनसले. शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर गेली. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि एकनाथ शिंदे भाजपबरोबर जाऊन मुख्यमंत्री झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि अजित पवारही तिकडे गेले. बारणे शिंद्यांच्या बाजूला होते. म्हणून २०२४ ला अजित पवारांच्या माणसांनी त्यांचाच प्रचार करायचा, असे ठरले. ठाकऱ्यांच्या शिवसेनेने मशाल चिन्हावर संजोग वाघेरे यांना उभे केले. पाच वर्षांत माणसे तीच राहिली, सोयरीक मात्र पार बदलली.

मग याला कायदा नाही का? आहे. १९८५ साली पक्षांतराविरुद्ध कायदा झाला. निवडून आलेला माणूस पक्ष सोडून गेला, तर त्याची जागा जाऊ शकते. आधी एकतृतीयांश लोक फुटले तर त्यांना सूट होती. २००३ साली ती काढली. पण एक पक्षच्या पक्ष जुना मित्र सोडून नव्याकडे गेला, तर हा कायदा त्याला अडवीत नाही. पक्षाने कुणाशी जमवायचे, हे त्याचे तोच ठरवतो. मतदाराला कोणी विचारीत नाही. वहिनीचा राग आहे तो इथे, आणि तो खोटा नाही.

टपरीवरचे म्हातारे आबा अशा वेळी १९५७ ची गोष्ट काढत. "तवा म्या धा वर्षांचा व्हतो. बा माझा मत टाकाया गेला व्हता. तवा दर उमेदवाराची पेटी येगळी. बैलजोडीची येगळी, पणतीची येगळी. चिठ्ठीवर शिक्का मारायचा न्हाई. आपल्या मनातल्या पेटीत चिठ्ठी टाकायची, झालं."

आबा सांगत ते बरोबर आहे. त्या वेळी गुजराती आणि मराठी मुलूख मिळून मुंबई हे एकच मोठे राज्य केले होते. मराठी लोकांना मुंबईसह आपला महाराष्ट्र हवा होता. त्यासाठी झालेल्या गोळीबारात शंभरावर माणसे गेली होती. १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कोण कोण आले, ते पाहा. समाजवादी आले, कम्युनिस्ट आले, शेतकरी कामगार पक्ष आला, डॉ. आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आला आणि जनसंघही आला. एरवी ही मंडळी एका ताटात जेवणारी नव्हेत. पण मावळात जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी आमदार झाले. पुण्यात समाजवादी ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांसारख्या मोठ्या काँग्रेस नेत्याला हरवले.

तरी राज्य समितीला मिळाले नाही. ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या. गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांनी तिला तारले. मग समितीला दिलेली मते फुकट गेली का? नाही. पश्चिम महाराष्ट्रात पक्षाचे पाय कसे उखडले, हे दिल्लीने पाहिले. तीन वर्षांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झाले. हरलेल्या बाजूच्या मतांनीही काम केले.

आबांच्या बापाला कुणी विचारले असते, "तुझे मत कशाला?" तर त्याने एका वाक्यात सांगितले असते. समितीने एकच गोष्ट मागितली होती आणि ती खेड्यापाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. मात्र दुसऱ्या कशावरच त्यांचे एकमत नव्हते. त्यामुळे राज्य मिळाले आणि समिती विस्कटली. १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. म्हणजे तीही सोयरीक जन्माची नव्हती. पण कशासाठी जमली आणि कधी सुटणार, हे लोकांना आधी कळले होते.

हे ऐकून तो तरुण म्हणे, "आबा, तुमचं सोपं होतं. एक मागणं, एक मत. आम्हाला महागाई आहे, नोकरीचं आहे, लोकलचं आहे."

"मंग इचारा की त्यांना," आबा म्हणत. "दाराशी आला की इचारा, बाबा, तुमचं जमलं न्हाई तर कुणाकडं जाणार? जाताना आमच्या लोकलचं काय, धरणावरल्या पोरीबाळींच्या धंद्याचं काय? लिवून दे म्हणावं."

"लिहून कोण देतो!" वहिनी हसे. पण तिने विचारायचे मात्र ठरवले होते.

लिहून देण्याची रीत अगदीच नाही असे नाही. २०१९ ला तीन पक्ष एकत्र आले, तेव्हा त्यांनी समान कार्यक्रमाचा कागद काढला होता. पण तो निकालानंतर. निकालानंतरचा कागद म्हणजे लग्न लागल्यावर केलेली याद. मुलीकडचे काय बोलणार?

४ जून २०२४ ला मते मोजली. मावळात बारणे सुमारे ९६ हजारांनी जिंकले. देशात भाजपला २४० जागा मिळाल्या. २७२ ला ३२ कमी. तेलुगू देसमचे १६, जनता दल युनायटेडचे १२ आणि इतर छोटे मित्र, त्यांत शिंद्यांच्या शिवसेनेचे ७, यांना घेऊन सरकार झाले. त्या सातांत मावळचा एक होता. भुशीतल्या पेटीतले मत असे दिल्लीच्या बेरजेत जाऊन बसले.

आणि पाच महिन्यांत मावळात पुन्हा गंमत झाली. २० नोव्हेंबरच्या विधानसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे सुनील शेळके महायुतीचे उमेदवार होते. त्यांच्याच पक्षातून बाहेर पडून बापू भेगडे अपक्ष उभे राहिले. भाजपची इथली बरीच मंडळी भेगड्यांच्या मागे गेली. महाविकास आघाडीनेही आपला उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा दिला. वर एकमेकांशी लढणारे खाली एका बाजूला! शेळके लाखाहून जास्त मतांनी निवडून आले.

टपरीवर त्या आठवड्यात तरुणाने आबांना विचारले, "आता ही युती म्हणायची की आघाडी?"

आबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आरं, हिला अजून नाव पडायचंय."