नाक खाली केलं म्हणून यान उतरत नाही

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं मोबाईलवर 'स्पेसफ्लाइट सिम्युलेटर' घेतला आणि कागलच्या आमच्या माडीवर बसून पहिल्याच संध्याकाळी चंद्रावर अकरा यानं आपटली. "नाक खाली करतोय की मामा, तरी फुटतंय!" ही त्याची तक्रार.

घोटाळ्याचं मूळ त्या नाकातच आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणारी विमानं त्यानं पाहिलेली. विमान हवेवर तोललेलं असतं, म्हणून अलगद खाली येतं. चंद्रावर तोलायला हवाच नाही. शिवाय कक्षेतलं यान वर टांगलेलं नसतं, ते सतत पडतच असतं. फक्त त्याचा आडवा वेग इतका असतो की पडता पडता खालची जमीनच वळून दूर जाते. उतरायचं म्हणजे आधी हा आडवा वेग मारायचा. नाक जमिनीकडे करून इंजिन पेटवलं तर आडवा वेग जवळपास तसाच राहतो आणि खाली जायचा वेग उलट वाढतो. मग फुटणारच. यान ज्या दिशेला पळतंय त्या दिशेला इंजिनाची ज्वाळा हवी. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या खेळात तर ही उलटी दिशा दाखवणारी खास खूणच दिलेली आहे.

इस्रोच्या चांद्रयान-३ मोहिमेतल्या विक्रम यानानं २३ ऑगस्ट २०२३ला हेच केलं. वेग मारायला सुरुवात झाली तेव्हा तो चंद्रापासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर होता आणि सेकंदाला १.६८ किलोमीटर पळत होता. या वेगानं कागलहून कोल्हापूर बारा सेकंदांत येतं. उतरायची जागा तिथून साडेसातशे किलोमीटर पुढे होती. गाडी कागलात थांबवायची तर नागपूरच्याही थोडं पलीकडे ब्रेकवर पाय ठेवायचा, असा हा मामला. पहिले ६९० सेकंद मुख्य काम हा वेग खाली आणायचं. तोवर उंची साडेसात किलोमीटरच्या आसपास आली. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम टेकला. सगळं मिळून एकोणीसेक मिनिटं.

दुसरा गैरसमज जास्त गोड आहे, कारण तो शहाणपणासारखा दिसतो: जितकं सावकाश उतरावं तितकं सुरक्षित. टेकताना वेग कमी हवा हे बरोबर. पण वरच्या वर तरंगत बसणं म्हणजे इंधन जाळणं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला यानाच्या वेगात १.६२ मीटर प्रति सेकंदाची भर घालतं आणि तरंगायचं तर तेवढंच इंजिनानं परत खोडून काढावं लागतं. मिनिटभर तरंगलात की सेकंदाला ९७ मीटरचा वेग मारण्याइतकं इंधन गेलं, आणि यान आहे तिथंच. म्हणून पटाईत खेळाडू शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात आणि मग पूर्ण जोरानं इंजिन पेटवतात. इंधनाच्या दृष्टीनं हे सर्वात स्वस्त, काळजाच्या दृष्टीनं नाही. विक्रमनं उलट थोडं इंधन खर्चून जमिनीपासून दीडशे मीटरवर थांबून खालची जागा न्याहाळली. पाचशे कोटींहून जास्त खर्चाच्या मोहिमेत एवढी उधळपट्टी चालते.

हा हिशेब खेळात आला तोही चंद्रामुळेच. अपोलो ११ उतरल्यानंतर काही महिन्यांतच, १९६९ मध्ये, जिम स्टोरर या अमेरिकन शाळकरी मुलानं चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. चित्र नाही, नुसते आकडे. दर दहा सेकंदांनी किती इंधन जाळायचं ते टंकायचं. पंचावन्न वर्षांनी, २०२४ मध्ये, कमीत कमी इंधनात उतरायची युक्ती शोधताना एका प्रोग्रॅमरला त्या कोडमध्ये चूक सापडली. एके ठिकाणी दोननं भागायचं राहिलं होतं!

पॅराशूटचं थोडक्यात. भाच्यानं आठव्या यानाला ते लावलं होतं. चंद्रावर त्याचा उपयोग शून्य. मंगळावर हवा आहे, पण तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणून २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स यानाला साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट पुरलं नाही, शेवटी इंजिनं लागलीच. शुक्रावर हवा इतकी दाट की नंतरच्या सोव्हिएत व्हेनेरा यानांनी पॅराशूट सुमारे ५० किलोमीटर उंचीवरच सोडून दिलं.

आणि खेळात जमलं म्हणजे खऱ्यातही जमेल, हेही खरं नाही. 'कर्बल'मधल्या पृथ्वीची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आहे, खऱ्या पृथ्वीची ६,३७१. साहजिकच तिथं कक्षेत जायला आणि परतायला वेग फार कमी लागतो. शिवाय विक्रम उतरताना बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षात कुणाच्याही हातात दांडा नव्हता. सगळे निर्णय यानच घेत होतं. २०१९ मध्ये तसंच स्वतःच्या बळावर उतरताना चांद्रयान-२चा आधीचा विक्रम कोसळला होता. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, चुका साचत गेल्या आणि त्या दुरुस्त करायला यानाला जितक्या झटकन वळायला हवं होतं तितकं वळता आलं नाही. पुढच्या वेळी इस्रोनं उतरायची जागा मोठी निवडली आणि पाय सेकंदाला तीन मीटरच्या वेगाचा धक्का सोसतील असे केले.

हे सांगून झाल्यावर भाच्यानं बारावं यान घेतलं, उलटं वळवलं, लांबूनच इंजिन पेटवलं. टेकलं. मग कलंडलं, कारण त्यानं उतारावर उतरवलं होतं.

"फुटलं न्हाई की," तो म्हणाला.