उडत्या मुंग्यांचा दिवस आणि काचेच्या नळीतील राणी

जुलै महिन्यात दोन-तीन दिवस पाऊस पडून गेला, ऊन निघाले आणि वारा मंदावला, की नेदरलँड्समधील पदपथांच्या विटांमधून एखाद्या दुपारी मुंग्या उसळू लागतात. आधी बिनपंखी कामकरी मुंग्या कावऱ्याबावऱ्या होऊन बाहेर येतात. त्यांच्या मागोमाग चमकदार पंखांचे लहानखुरे नर येतात आणि त्यांच्यात मधूनच त्यांच्या दुप्पट आकाराच्या राण्या दिसतात. गवताच्या पात्यावर, सायकलच्या चाकावर, भिंतीच्या कडेवर चढून त्या क्षणभर थांबतात आणि आकाशात झेपावतात. वर कुरव पक्षी, ज्यांना आपण सीगल म्हणतो, घिरट्या घालू लागतात. त्यांच्याही वर पाकोळ्या असतात. शेजारी ‘व्लीखंड मीरन’, म्हणजे उडत्या मुंग्या, असे पुटपुटत खिडक्या लावून घेतात आणि तास-दोन तासांत सारे ओसरते.

आपल्यापैकी अनेकांना हे दृश्य पाहून मृगाच्या पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ आठवते. दिव्याभोवती जमणारे आणि सकाळी पंखांचा खच मागे ठेवणारे ते किडे बहुधा वाळवीचे असतात; मुंग्यांचे नव्हेत. वाळवीची कंबर जाड व तिचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीची कंबर बारीक असते, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतात आणि तिच्या शृंगिकांना कोपरासारखा बाक असतो. संसाराची रीतही वेगळी आहे. वाळवीत राजा आणि राणी दोघेही जमिनीत जाऊन एकत्र राहतात, तर मुंग्यांतला नर मिलनानंतर लवकरच मरतो. ‘मुंगीला पंख फुटणे’ हा आपला वाक्प्रचार विनाशकाळाच्या अर्थाने वापरला जातो. नराच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरतो. राणीच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, कारण तिच्या खऱ्या आयुष्याचा आरंभ पंख गळाल्यानंतर होतो.

नेदरलँड्समध्ये साठहून अधिक जातींच्या मुंग्या आढळतात. परंतु शहरात उन्हाळ्यात दिसणारे थवे बहुतांशी एकाच जातीचे असतात. तिचे शास्त्रीय नाव लासियस नायजर. डच लोक तिला ‘वेखमीर’, म्हणजे रस्त्याची मुंगी, म्हणतात आणि हे नाव तिला शोभते. येथील पदपथ व अंगणे वाळूच्या थरावर विटा किंवा फरश्या मांडून केलेली असतात. त्या वाळूत पाणी साचत नाही आणि वरच्या फरशीमुळे उन्हाची ऊब टिकते, त्यामुळे मुंगीला याहून सोयीची जागा शोधूनही मिळणार नाही. मे-जूनमध्ये फरशांच्या सांध्यांतून वर आलेल्या वाळूच्या बारीक ढिगाऱ्या दिसल्या, तर खाली वसाहत आहे असे समजावे. उड्डाणाच्या आधी काही आठवडे अशा जागा हेरून ठेवल्या की पुढचे काम निम्मे होते.

उड्डाण नेमके कधी होईल, हे दिनदर्शिका पाहून सांगता येत नाही. १९८१ मध्ये बूम्स्मा आणि लेउसिंक या संशोधकांनी चार युरोपीय जातींच्या मिलनोड्डाणांच्या वेळचे हवामान अभ्यासून प्रसिद्ध केले. ब्रिटनमध्ये २०१२ पासून तीन उन्हाळे नागरिकांकडून नोंदी मागवून मोठे सर्वेक्षण झाले. त्यात दिसले की ‘उडत्या मुंग्यांचा दिवस’ असा एकच दिवस नसतो. जून ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंत जवळपास रोज कोठे ना कोठे उड्डाण होत असते. मात्र तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा वारा सेकंदाला ६.३ मीटरच्या वर असेल, तर मुंग्या उडत नाहीत. डच हवामानवृत्ताच्या भाषेत वाऱ्याचा जोर ४ झाला की उड्डाणाची आशा सोडावी. कालच्यापेक्षा आज हवा सुधारली आहे का, हेही महत्त्वाचे ठरते. म्हणूनच पावसाळी दिवसांनंतरची पहिली उबदार, स्तब्ध दुपार ही सर्वांत भरवशाची वेळ असते. एकाच परिसरातील असंख्य वारुळे हेच संकेत वाचतात आणि एकाच वेळी रिती होतात. जुलै २०१९ मध्ये दक्षिण इंग्लंडवरील असा थवा ब्रिटिश हवामान खात्याच्या रडारवर पावसाच्या सरीसारखा उमटला होता. सायकल काढण्यापूर्वी बाउएनराडार पाहण्याची सवय आपल्याला येथे लागलेलीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच सवय या कामी येते.

हे एकाच वेळी उडणे निरर्थक नसते. वेगवेगळ्या वारुळांतील नर-राण्यांची गाठ पडावी आणि पक्ष्यांनी कितीही खाल्ले तरी काही उरावेत, हे दोन्ही त्यातून साधते. राणी हवेत एका किंवा काही नरांशी मीलन करते. त्या वेळी मिळालेल्या शुक्रपेशी ती पोटातील एका लहान पिशवीत आयुष्यभर जपून ठेवते आणि पुन्हा कधीही मीलन करीत नाही. फलित अंड्यांतून कामकरी मुंग्या व नव्या राण्या जन्मतात, अफलित अंड्यांतून नर. पाळलेल्या एका वेखमीर राणीने २८ वर्षांहून अधिक आयुष्य काढल्याची नोंद आहे, आणि तेही एका दुपारच्या शिदोरीवर! डच भूमीत या विषयाची परंपराही जुनी आहे. मधमाश्यांच्या पोळ्यातील ‘राजा’ ही वस्तुतः मादी आहे, हे सतराव्या शतकात आम्स्टरडॅमच्या यान स्वामरडाम यांनी विच्छेदन करून तिच्या अंडाशयांवरून दाखवून दिले होते.

जमिनीवर उतरल्यावर राणी पायांनी पंख पाडून टाकते. पंखांच्या मुळाशी जणू आधीच आखून ठेवलेली चीर असते. त्यानंतर ती फट, मऊ माती किंवा दगडाखालची जागा शोधत झपाझप चालू लागते. शोधणाऱ्याने गाठायची वेळ हीच. वारुळाच्या तोंडाशी घुटमळणाऱ्या पंखवाल्या राण्या उचलण्याचा मोह होतो. परंतु त्यांचे मीलन झालेले नसते आणि तशी राणी फार तर नरच जन्माला घालील. थवा दिसल्यानंतर तास-दोन तास थांबावे आणि मग सायंकाळच्या उन्हात वाहनतळ, शाळेचे पटांगण, फरशांचे चौक अशा उघड्या, सपाट जागी नजर खाली ठेवून चालावे. आठ-नऊ मिलिमीटर लांबीची, गडद तपकिरी, फुगीर पाठीची आणि बिनपंखी मुंगी एकटीच लगबगीने चाललेली दिसली, की ती बहुधा मीलन झालेली राणी असते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की मीलनाविनाही काही राण्या पंख गाळतात. अंड्यांतून कामकरी निघेपर्यंत खात्री देता येत नाही. तिला बोटांच्या चिमटीत धरू नये. औषधाची रिकामी डबी तिच्या पुढ्यात आडवी धरली की ती स्वतःच आत शिरते. डबी उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवल्यास मात्र ती काही मिनिटांत दगावू शकते.

येथे ओळख महत्त्वाची ठरते. वेखमीर राणीचे डोके तिच्या पाठीच्या मानाने अरुंद असते. डोके पाठीइतकेच रुंद आणि रंग तांबूस असेल, तर ती लासियस अंब्रेटस असण्याचा संभव आहे. ही परोपजीवी राणी दुसऱ्या जातीच्या वसाहतीत शिरून तिथल्या कामकऱ्यांकडून आपली पिल्ले वाढवून घेते. नळीत एकटी ठेवली तर ती संसार उभा करू शकत नाही. कधीकधी अशी राणी मेलेली कामकरी मुंगी जबड्यात धरून फिरताना दिसते. मिर्मिका जातीच्या लालसर राण्यांना तर सुरुवातीच्या काळातही अन्न लागते. नवख्याने वेखमीरखेरीज इतर राण्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रानातील तांबड्या वनमुंग्यांना तर मुळीच हात लावू नये आणि निसर्गराखीव क्षेत्रातून काहीही उचलू नये.

घरी तिची व्यवस्था आश्चर्य वाटावे इतकी साधी असते. काचेच्या परीक्षानळीत तळाशी एक तृतीयांश पाणी भरावे, वर कापसाचा बोळा पाण्याला टेकेल असा घट्ट बसवावा, राणीला आत सोडावे आणि तोंडाशी कोरडा कापूस लावावा. मग नळी अंधाऱ्या, हादरे न बसणाऱ्या जागी ठेवून द्यावी. अन्न घालू नये. निसर्गातही ती मातीत स्वतःला कोंडून घेते आणि आता निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू व साठवलेली चरबी यांवरच स्वतःला व पहिल्या पिल्लांना पोसते. उबदार खोलीत साधारण सहा ते आठ आठवड्यांत पहिल्या, काहीशा खुज्या कामकरी मुंग्या कोशांतून बाहेर येतात. त्यानंतर मधपाण्याचा थेंब आणि एखादी फळमाशी पुरते. या काळात बहुतेक राण्या मरतात त्या उपासमारीने नव्हे, तर मालकाच्या उतावळेपणाने. रोज नळी उजेडात धरून पाहिली तर राणी घाबरून स्वतःचीच अंडी खाते; आठवड्यातून एकदा डोकावणे पुरे. सोबत व्हावी म्हणून दोन राण्या एकत्र ठेवणेही टाळावे. सुरुवातीस त्या सलोख्याने राहतात. पण कामकरी मुंग्या निपजल्या की भांडण जुंपते आणि शेवटी एकच राणी उरते.

अडचण पुढे आहे आणि ती विशेषतः आपल्यासारख्यांची आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत या मुंग्यांना थंडीची विश्रांती लागते. पाच ते आठ अंशांत, म्हणजे घरामागच्या खोपटात किंवा फ्रिजच्या कोपऱ्यात, कापूस ओला राहील एवढे पाहिले की झाले. डिसेंबरात महिनाभर भारतात जाणाऱ्या कुटुंबाला इतका समजूतदार पाळीव प्राणी दुसरा मिळणार नाही. परंतु कंत्राट संपले, बदली झाली, पुण्याला कायमचे परतायचे ठरले, तर काय? जिवंत कीटक पूर्वपरवानगीशिवाय भारतात नेता येत नाहीत. आपल्याच गल्लीतून घेतलेली वेखमीर असेल, तर ती त्याच परिसरात उन्हाळ्यात सोडता येते किंवा एखाद्या शेजाऱ्याच्या मुलाला देता येते. दुकानातून मागवलेली परदेशी जात असेल, तर हा मार्ग बंद होतो.

परदेशी जात सोडून दिल्याने काय होते, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९० मध्ये बुडापेस्टमधील नमुन्यांवरून, डच संशोधकांच्या सहभागाने, लासियस नेग्लेक्टस या जातीचे प्रथम वर्णन झाले. वरवर पाहता ती वेखमीरच वाटते. पण तिच्या राण्या मिलनोड्डाण करीत नाहीत. वारुळातच मीलन होते, एका वसाहतीत अनेक राण्या नांदतात आणि माणसाने हलवलेल्या माती-कुंड्यांबरोबर ती नव्या शहरात जाते. नेदरलँड्समध्येही ती पोहोचली असून तिला येथे ‘प्लाखमीर’, म्हणजे उपद्रवी मुंगी, असे नाव पडले आहे.

दुसरे टोक केनियात दिसले. एप्रिल २०२५ मध्ये नैवाशा येथे दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राण्या सापडल्या. त्या २,२०० हून अधिक नळ्यांत, ओल्या कापसासह, म्हणजे वर सांगितलेल्या पद्धतीनेच, भरलेल्या होत्या. त्यांतील बहुतेक मेसॉर सेफॅलोटीस या मोठ्या, तांबूस मुंगीच्या राण्या होत्या. युरोप व आशियातील हौशी लोक या जातीसाठी चांगली किंमत मोजतात. ७ मे २०२५ रोजी न्यायालयाने या दोघांसह चौघांना प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड, अन्यथा बारा महिने कारावास, अशी शिक्षा सुनावली. केनियाच्या अधिकाऱ्यांनी याला जैवचौर्य म्हटले आणि तो शब्द मला अतिशयोक्त वाटत नाही. ही मुंगी धान्य-गवताचे बी गोळा करणारी आहे. मीलन झालेली प्रत्येक राणी म्हणजे एक संभाव्य वसाहत, आणि एका मोसमात हजारो राण्या उचलल्या की कुरणात बी पसरवण्याचे व माती उकरण्याचे काम तेवढे घटते. ही हत्ती-गेंड्यांची शिकार नव्हे, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, इतकेच.

आपल्या गल्लीतील वेखमीरचा हिशेब वेगळा आहे. हजारो राण्यांपैकी फारच थोड्या पहिला हिवाळा पाहतात. बाकीच्या पक्ष्यांच्या, कोळ्यांच्या, मोटारींच्या चाकांच्या किंवा इतर मुंग्यांच्या तावडीत सापडतात. त्यातून एक उचलल्याने वसाहतींना धक्का पोहोचत नाही. एक पुरेशी असते. फार तर दोन, कारण पहिली वांझ निघू शकते. नळीत ठेवलेल्या जिवाचे हाल होऊ नयेत, ही मात्र आपली जबाबदारी राहते. २०२४ पासून लागू असलेल्या डच पर्यावरण व नियोजन कायद्यातही वन्य जिवांविषयी काळजी घेण्याचे सर्वसाधारण कर्तव्य सांगितले आहे.

इतकी वर्षे गुंतून राहायची ज्यांची तयारी नाही, त्यांनाही या दुपारचा उपयोग आहे. ‘वारनेमिंग’ या डच संकेतस्थळावर छायाचित्र, स्थळ आणि वेळ नोंदवता येते. त्याच्याशी जोडलेले मोबाइल अॅप छायाचित्रावरून जात सुचवते आणि जाणकार ती तपासतात. राणीचे चित्र बाजूने घ्यावे, म्हणजे डोके व पाठ यांची रुंदी ताडता येत नसली तरी फुगीरपणा दिसतो, आणि दुसरे वरून घ्यावे. मोठे थवे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघतात. पिवळ्या कुरणमुंगीच्या, म्हणजे लासियस फ्लेव्हसच्या, राण्या त्यानंतरही काही दिवस दिसत राहतात. त्यांचे पोट खालून पिवळसर असते.