एक्सप्लेनर : नेपिअरचा प्लॉट तिसऱ्या वर्षी का बसतो? उत्तर गोठ्यामागच्या उकिरड्यात

नेपिअर लावल्यावर पहिल्या वर्षी वैरण भरघोस मिळते. पुढे योग्य खत मिळाले नाही, तर फुटवे बारीक होतात, पाने पिवळट दिसू लागतात आणि दूध टिकवण्यासाठी पेंडीचा खर्च वाढतो. दोष बेण्याला दिला जातो. पण अनेकदा कमतरता मातीत असते.

जमिनीतून किती जाते?

हिशेब सोपा आहे. ५ टन हिरव्या नेपिअरमध्ये साधारण १ टन कोरडा चारा असतो. त्यात ८ टक्के प्रथिने धरली, तर ८० किलो होतात. त्याला ६.२५ ने भागले की नत्र मिळते, सुमारे १३ किलो. एकरातून वर्षाला ६० टन वैरण कापली, तर १५० किलोहून अधिक नत्र शेताबाहेर जाते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते जेमतेम २१ किलो असते. म्हणजे सुमारे साडेसात गोण्या!

मग ते जाते कुठे?

दुधात आणि जनावराच्या अंगात त्यातला थोडाच भाग राहतो. साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त नत्र शेण-मूत्रातून बाहेर पडते. स्फुरद मुख्यतः शेणात, तर पालाश मुख्यतः मूत्रात असते. कुरणात चरणारी गाय हे सगळे तिथेच टाकते. दावणीच्या गाईचे मात्र गोठ्यातच साचते. मूत्र गटारात गेले, उघड्या ढिगातले नत्र अमोनिया होऊन उडाले, गोवऱ्या चुलीत गेल्या, की जमिनीला परत काहीच मिळत नाही.

काय करता येईल?

• मूत्र अडवा : गोठ्याला उतार द्या, मूत्र टाकीत घ्या. भरपूर पाणी मिसळून कापणीनंतर प्लॉटला द्या.

• शेण झाका : खड्ड्यावर सावली हवी, पावसाचे पाणी आत जाता कामा नये. पूर्ण कुजलेले खतच वापरा.

• गोबरगॅस : इंधन मिळते आणि स्लरीत नत्रही टिकते.

• द्विदल चारा : चवळी, स्टायलो, दशरथ घास यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरतात.

• माती तपासा : मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, जस्त यांसह १२ बाबी कळतात. खत टाकण्याआधी नमुना घ्या. उकिरड्याजवळची किंवा झाडाखालची माती घेऊ नका.

• चराऊ कुरण असेल तर : तुकडे पाडून आलटून पालटून चारा. नाहीतर शेण झाडाखाली आणि पाणवठ्यापाशीच साचते.

मग युरिया बंद?

लगेच नाही. कितीही काळजी घेतली तरी थोडे नत्र उडतेच, दुधाबरोबरही काही जाते. ती तूट माती परीक्षणानुसार भरावी लागते. पण विकतच्या पेंडीतले नत्रही बहुतांश शेण-मूत्रातच उतरते. म्हणजे पेंडीच्या पोत्यासोबत खताचेही पैसे आपण मोजलेलेच असतात. ते गटारात सोडायचे की प्लॉटला द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.