शहापूर ते व्हिएन्ना : वृद्ध आईवडिलांसह मोटारप्रवास

भंडारा-नागपूर महामार्गावरील आमच्या शहापुरातून आईवडिलांना घेऊन मी निघाले, तेव्हा वडिलांचे वय 76 वर्षांचे होते आणि आईचे 71. धाकटा भाऊ जर्मनीत श्टुटगार्ट येथे नोकरीला आहे. त्याच्याकडे काही दिवस राहायचे आणि तेथून मोटारीने ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना गाठायची, असा बेत होता. व्हिएन्नात माझे काका, म्हणजे वडिलांचे एकुलते एक धाकटे भाऊ, बरीच वर्षे स्थायिक आहेत. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. ते आता विमानाने भारतात येण्याची शक्यता नव्हती. दोघे भाऊ चौदा वर्षे एकमेकांना भेटले नव्हते. आजीच्या तेरवीला काका येऊ शकले नाहीत, याची सल वडिलांनी मनात जपली होती. फोनवर बोलणे होई, परंतु ते पाऊसपाणी आणि धानाच्या भावापलीकडे जात नसे. झटक्याची बातमी आली त्या रात्री वडील अंगणात बराच वेळ बसून होते. सकाळी म्हणाले, “मला घेऊन चल.”

तयारीची हकिकत लांबवत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते, ते घेतले. मात्र विम्याचे कागद बारकाईने वाचल्यावर कळले की, आधीपासून असलेल्या आजारांसाठी निराळी अट असते आणि अनेक स्वस्त योजनांत त्या आजारांचा खर्च मिळतच नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वृद्धांनी हे कलम आधी वाचावे, हप्त्याची रक्कम नंतर पाहावी. आईने काकांसाठी खव्याच्या करंज्या केल्या होत्या. भारतासारख्या देशांतून प्रवाशांना युरोपीय संघात दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, हे सांगितल्यावर त्या शेजाऱ्यांच्या मुलांना वाटल्या गेल्या. जवसाची चटणी तेवढी बॅगेत राहिली.

पहिली फजिती विमानतळावरच झाली. तीन बॅगांपैकी एक आलीच नाही, आणि नेमकी तीत वडिलांची औषधे होती. औषधे सोबतच्या हातबॅगेत ठेवायची हे मला ठाऊक होते. तरीही, ‘हातातले ओझे कमी होईल’ म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री ती पिशवी मीच मोठ्या बॅगेत टाकली होती. तो दिवस रविवारचा होता. जर्मनीत रविवारी औषधांची दुकाने बंद असतात. परिसरातील एखादे दुकान आळीपाळीने उघडे असते आणि त्याचा पत्ता बंद दुकानांच्या दारावर लावलेला असतो. लाल रंगातील ‘ए’ अक्षर ही तेथील औषधी दुकानाची खूण. युरोपात इतरत्र बहुधा हिरवा क्रॉस दिसतो. दुकान सापडले, पण रक्तदाबाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देण्यास त्यांनी नम्रपणे नकार दिला. आमच्याजवळच्या चिठ्ठीवर भारतातील कंपन्यांनी ठेवलेली नावे होती. ती तेथे कोणाला कळणार? सुदैवाने भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत एक पत्र दिले होते. त्यात टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड अशी मूळ औषधांची नावे आणि मात्रा होत्या. भावाने 116117 या क्रमांकावर फोन केला. तातडीची जीवघेणी अवस्था नसताना सुट्टीच्या दिवशी डॉक्टर मिळवण्यासाठी जर्मनीत हा क्रमांक आहे. पत्र पाहून तेथील डॉक्टरीणबाईंनी नवी चिठ्ठी लिहून दिली. बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली.

खरा प्रसंग पुढे घडला. श्टुटगार्टहून व्हिएन्ना सुमारे पावणेसातशे किलोमीटर आहे. म्हणून पहिल्या दिवशी साल्झबर्गपर्यंत जाऊन मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघायचे असे ठरले. सकाळी सहाला निघालो. न्याहारी उल्म गावी, तेथील प्रचंड उंच मनोऱ्याच्या चर्चपाशी डॅन्यूबच्या काठी करायची होती. वडील पहाटे पाचला उठले, बिनसाखरेचा चहा घेतला आणि नेहमीप्रमाणे साखरेच्या गोळ्या घेऊन तयार झाले. डोंगराच्या चढणीपाशी पुढे कुठेतरी अपघात झाला आणि महामार्ग ठप्प झाला. गाड्या थांबू लागताच दोन्ही बाजूंच्या चालकांनी आपापल्या गाड्या कडेला सरकवल्या आणि मधोमध रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट तयार झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हा कायदाच आहे. कोणी हॉर्न वाजवला नाही, की त्या वाटेत घुसले नाही. आई अचंब्याने पाहतच राहिली. त्या कोंडीत आमचे जवळजवळ दोन तास गेले. वडिलांनी काही खाल्ले नाही. “सगळ्यांसोबत खाऊ,” म्हणाले. पाणीही प्यायले नाहीत, कारण लघवीला लागले तर गाडी कुठे थांबवणार, ही त्यांची चिंता. आपल्याकडील कितीतरी ज्येष्ठ प्रवासात अशीच तहान मारतात. वयपरत्वे तहानेची जाणीवच मंदावलेली असते, त्यात ही भर!

साडेनऊच्या सुमारास एका विश्रांतिस्थळी थांबलो. भाऊ खाणे आणायला गेला. मी आईला घेऊन स्वच्छतागृहाकडे वळले. वडील पुरुषांच्या बाजूला गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते नव्हते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. भाऊ आत जाऊन पाहून आला. इमारतीला दुसऱ्या अंगालाही दार होते. तिकडे मालट्रकांचा अवाढव्य वाहनतळ होता. वडिलांजवळ मोबाइल होता, पण त्यात तेथील सिमकार्ड नव्हते. श्रवणयंत्र चष्म्याच्या डबीत, आणि ती डबी गाडीत. आई एका खुर्चीवर बसून राहिली, तिच्या तोंडून शब्द फुटेना. परक्या मुलुखात, भाषा न जाणणारा, कमी ऐकू येणारा म्हातारा माणूस आणि पलीकडे शंभराच्या वेगाने धावणाऱ्या गाड्या. त्या अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांपुढे काय काय आले, ते लिहवत नाही.

ते सापडले ते तेथील सफाई कर्मचारी बाईंमुळे. ट्रकांच्या बाजूला एका बाकावर वडील घामाघूम होऊन बसले होते, हात थरथरत होते. त्या बाईंनी एकच शब्द विचारला, “डायबेटिस?” जर्मनमध्येही तो शब्द तसाच आहे. वडिलांनी मान हलवली. बाई धावत जाऊन सफरचंदाचा रस घेऊन आल्या. तेवढ्यात भाऊ शोधत तेथे पोहोचला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याला काकांच्या नावाने हाक मारली. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “ताई, बाबांना विसरण्याचा आजार तर जडला नाही?”

माझ्या पर्समध्ये ग्लुकोमीटर होते. रस पिऊन झाल्यावरही साखर 58 भरली! सत्तरच्या खाली गेली की ती कमी झाली असे वैद्यकशास्त्र मानते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा 84 होती. वडील हळूहळू भानावर आले. “मी इथं कसा आलो?” एवढेच त्यांनी विचारले. त्या बाईंच्या आईलाही मधुमेह होता, हे त्यांनी भावाला सांगितले. आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच बराच वेळ बोलत राहिली.

हे का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ते आपले काम करीतच राहते. म्हणून ही गोळी पहिल्या मुख्य जेवणाच्या वेळी घ्यायची असते. वडिलांनी ती घड्याळाशी बांधली होती, घासाशी नव्हे. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. वृद्धांमध्ये साखर उतरल्याची लक्षणे फसवी असतात. घाम आणि थरथर प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही. कधी नुसती चिडचिड, असंबद्ध बोलणे किंवा भलतीकडे चालत जाणे एवढेच दिसते आणि घरचे लोक म्हणतात, ‘वय झाले.’ अशा वेळी शुद्ध असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा पेला फळांचा रस द्यावा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि कमीच असेल तर पुन्हा द्यावे. साखर वर आली तरी त्यानंतर जेवू घालणे आवश्यक, कारण या गोळीचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, लगेच मदत बोलवावी. युरोपीय संघातील सर्व देशांत त्यासाठी 112 हा एकच क्रमांक आहे आणि तो कोणत्याही फोनवरून मोफत लागतो.

मला त्या बाकावर आठवले ते वेगळेच. गेली दोन वर्षे शहापुरात एकादशीला आणि रोवणीच्या दिवसांत दुपारी बाबा उगाच भडकत, नावे चुकत, एकदा तर घराची वाट सोडून महामार्गाकडे गेले होते. आम्ही मनातल्या मनात त्या सगळ्याला म्हातारपण हे नाव देऊन मोकळे झालो होतो. उपवास आणि उशिराचे जेवण यांचा गोळीशी मेळ कोणी घातलाच नव्हता.

साल्झबर्गच्या मुक्कामी भावाने एका जाड कागदावर जर्मन भाषेत चार ओळी लिहिल्या : मला मधुमेह आहे, मला कमी ऐकू येते, मी गोंधळलेला दिसलो तर गोड पेय द्या, या क्रमांकावर फोन करा. तो कागद वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात गेला आणि दुसऱ्या खिशात साखरेच्या पुड्या. दर दोन तासांनी थांबायचे, चालायचे, पाणी प्यायचे आणि गाडीतून उतरताना श्रवणयंत्र कानात हवेच, असा नियम झाला. प्रत्येक थांब्यावर कोणी तरी एक जण त्यांच्यासोबत दारापर्यंत जाई. वडील त्यावर कुरकुरले, पण खिशातला कागद त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिएन्नाला पोहोचलो. काका चाकाच्या खुर्चीत दाराशीच होते. उजवा हात निकामी झालेला, तोंड किंचित वाकडे. वाचा परत आणण्यासाठी त्यांच्यावर जर्मन भाषेतून उपचार चालू होते आणि शब्द फार कष्टाने येत, असे चुलत बहिणीने फोनवर सांगितले होते. वडील खुर्चीपाशी गेले, वाकले. काकांनी डावा हात उचलून त्यांच्या गालावर ठेवला. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग शब्द आले, ते थेट आमच्या गावचे.

“लय उशीर केलास गा, दादा.”

चुलत बहीण स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिली. आठ महिन्यांत तिने त्यांच्या तोंडून एवढे लांब वाक्य ऐकले नव्हते. दोन भाषा जाणणाऱ्या रुग्णांत झटक्यानंतर कोणती भाषा आधी आणि किती परतेल, हे प्रत्येकाचे निराळे असते. सर्वांच्याच बाबतीत मातृभाषा आधी येते असे नाही. परंतु काकांच्या वाचोपचारतज्ज्ञांनी पुढच्या भेटीत वडिलांना मुद्दाम सोबत बसवले. पुढे नऊ दिवस दोघे भाऊ रोज सकाळी ‘धडा’ घेत : वैनगंगा, बांध, पऱ्हे, आंबील, आजीचे नाव. तेरवीचा विषय एकदाच निघाला. काका रडू लागले, वडिलांनी जवसाची चटणी भातावर वाढली आणि तो विषय तेथेच थांबला.

परतल्यावर भंडाऱ्याच्या डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी ग्लिमेपिराइड बंद करून औषधे बदलली. वयस्कर रुग्णांची साखर फार काटेकोरपणे खाली ठेवण्याचा आग्रह आता धरला जात नाही, कारण ती अचानक उतरण्याचा धोका त्यांना अधिक असतो, असे त्यांनी समजावले. मागच्या एकादशीला वडील दुपारी शांतपणे अंगणात बसले होते. रोज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे व्हिएन्नाच्या दुपारी, फोन लागतो. काका आता दहा-बारा शब्दांचे वाक्य बोलतात. जर्मन भाषेतला तो जाड कागद मात्र वडिलांच्या खिशात अजून आहे. भंडाऱ्याच्या बाजारात तो वाचणार कोण, असे आई विचारते.